चौथ्यांदा गायलेली ओळ

माझ्या स्टुडिओत आलेलं पहिलं गिऱ्हाईक केस चोपून विंचरून, तोंडाला पावडर लावून आलं होतं. त्याला पासपोर्ट साइजचे फोटो हवे होते. पाटीवर पेंटरनं 'स्टुडिओ' एवढंच ठळक काढलं होतं आणि 'रेकॉर्डिंग' हा शब्द जागा उरली तिथं, कोपऱ्यात कोंबला होता. त्या दिवसापासून दुकान बंद करेपर्यंत परभणीतल्या निम्म्या लोकांना मी हेच सांगत आलो, "इथं फोटो निघत नाही हो, आवाज निघतो." आता मी धंदा आवरला, जागा भाड्यानं दिली, आणि तिथं खरोखरच फोटो काढणारा बसलाय. त्याला पाटी बदलावी लागली नाही.

हा धंदा म्हणजे खोलीच्या आत खोली. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या आणि बायकोच्या माहेरच्या गोधड्या ठोकलेल्या, मध्ये एक मोठी काच. गाणारा आत, मी बाहेर. माझं बोलणं त्याला ऐकू जावं म्हणून माझ्यापुढे एक माइक आणि त्याच्या डोक्यावर एक छोटा स्पीकर. लोकांना वाटतं, रेकॉर्डिंग म्हणजे आवाज पकडणं. खरं काम उलटं असतं, नको ते आवाज हाकलणं. पंखा बंद, बांगड्या काढून ठेवा, खिशातली चिल्लर बाहेर. एवढं करूनही कुणी खोकतं, खुर्ची करकरते, गाणं संपल्यावर कुणी "झालं का?" म्हणतं. ते सगळं मी नंतर बसून कापायचो. माझं कापणं कुणाला ओळखू यायचं नाही, याचा मला फार अभिमान होता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. देवगाव फाट्यावर हॉटेल चालवणारा एक गृहस्थ आला. गाड्या थांबल्या की "गरम भजे, गरम चहा" ओरडून त्याचा घसा गेला होता. उरल्यासुरल्या घशातून त्यानं ती आरोळी माझ्याकडे भरून घेतली आणि कर्णा लावून दिला. महिन्यानं परत आला. म्हणाला, "भाऊ, त्यातलं 'गरम' काढून टाका. कढई थंड असली तरी ते गरमच म्हणायलंय. लोक भांडायलेत."

पोखर्णीकडचे एक शेतकरी रानडुकरांना बेजार झाले होते. त्यांनी आपल्या आरोळ्या भरून नेल्या आणि शेतात लावल्या. आठ दिवस डुकरं फिरकली नाहीत, नवव्या दिवशी सरावली. मग त्यांनी बहिणीला आणलं. ती शाळेत मास्तरीण. तिला काय ओरडावं सुचेना, म्हणून तिनं वर्गावर ओरडतात तसे एकोणतीसचा पाढा आणि "मागच्या बाकावर कोण बोलतंय?" एवढं भरून दिलं. त्या साली त्यांचा भुईमूग वाचला. हे मी रचून सांगत नाही. पोतंभर शेंगा घरी आल्या होत्या.

पण मला सांगायचंय ते हन्नाबद्दल आणि चुडाव्याच्या गयाबाईंबद्दल.

हन्ना पोलंडमधल्या एका लहान गावात राहते. दिवसा शाळेत मुलांना पियानो शिकवते आणि उरलेल्या वेळात घरी एकटीच आपलं संगीत बनवते. मोठी कंपनी नाही, मॅनेजर नाही. स्वतः वाजवायचं, स्वतः भरायचं, स्वतः इंटरनेटवर ठेवायचं. म्हणजे आमच्याच जातकुळीतली. टाळेबंदीत स्टुडिओ बंद होता तेव्हा मी जुनी रेकॉर्डिंग काढून इंटरनेटवर चढवत बसलो होतो. ती कुणी ऐकेल अशी अपेक्षा नव्हती. वर्ष-दोन वर्षांनी एक मेल आला. माझी बायको रेखा हायस्कूलला इंग्रजी शिकवायची. मेल तिनं वाचला.

"चुडाव्याच्या बायकांचं भजन तू चढवलंयस ना? त्याबद्दल आहे," ती म्हणाली. "ही बाई विचारतेय, शेवटी सगळ्या थांबतात आणि एकटी एक गात राहते, ती कोण? म्हणते, मी ते किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. त्या आवाजाच्या खाली मला पियानो वाजवायचाय. पण आधी त्या बाईंची परवानगी पाहिजे. त्यांना विचाराल का?"

रेखानं चष्म्यावरून पाहिलं. "कोण आहे ती?"

"मला नाव माहीत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. पण ती बाई मला चांगली आठवत होती.

दहा-बारा वर्षं झाली असतील. चुडाव्याचं महिला भजनी मंडळ सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला आलं होतं. बारा-तेरा बायका, सरूबाई त्यांच्या प्रमुख. गाणं त्यांच्यातच कुणी रचलेलं होतं. शेवटची ओळ तीनदा म्हणून थांबायचं असं ठरलेलं. 'दार उघडं ठेवते बाई, उजेड घरात येऊ दे.' सगळ्या तीनदा म्हणून थांबल्या, पेटी थांबली, आणि पेटीजवळ बसलेली एक उंच, सावळी बाई डोळे मिटून चौथ्यांदा गायला लागली. एकटी. मग तिच्या लक्षात आलं आणि ओळ अर्ध्यात तुटली.

मला पुढचं गिऱ्हाईक होतं. मी माइकवरून म्हणालो, "त्या मावशींना मागं बसवा हो. त्यांना थांबायचं कळंना."

डोक्यावरच्या स्पीकरमधून ते सगळ्यांनी ऐकलं. सगळ्या हसल्या. मीही हसलो. ती बाई मात्र हसली नाही. तिनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणायलेत?" शेजारणीनं तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं. ती उठली, पदर सावरला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. दुसऱ्यांदा भरलं ते तिच्याशिवाय. पण ते काही जमलं नाही, आवाजात दमच नव्हता. शेवटी मी पहिलंच घेतलं आणि ती चौथी ओळ कापली. सुबक कापली. टाळेबंदीत चढवताना चुकून न कापलेली फाइल गेली होती.

त्या संध्याकाळी मी हन्नाचं संगीत ऐकलं. पोस्ट-रॉक म्हणतात त्याला, असं रेखानं वाचून सांगितलं. नावात रॉक असलं तरी पहिली दोन मिनिटं काही घडतच नाही. पियानोचे चार स्वर, मग तेच चार स्वर, मग पुन्हा तेच. मला वाटलं फाइल अडकली. मग खालून एक गिटार आली, कधी आली कळलं नाही. ढोल आला. तेच चार स्वर, पण आता ते मोठे होत होते, एकावर एक चढत होते, आणि सातव्या मिनिटाला असे कोसळले की रेखा स्वयंपाकघरातून बाहेर आली. गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत.

"हे तर भजनासारखं आहे," ती म्हणाली. "सावकाश सुरू करायचं आणि टाळ टिपेला न्यायचे."

मला दुसरंच काही ऐकू येत होतं. स्वरांच्या मध्ये हन्नाची खुर्ची करकरत होती. पियानोच्या पायानं दाबायच्या पट्टीचा ठप्प आवाज येत होता. तिचा श्वास येत होता. मी जे जे आयुष्यभर कापलं, ते सगळं तिनं जागच्या जागी ठेवलं होतं. आणि त्याच्यामुळेच ती समोर बसून वाजवतेय असं वाटत होतं. आपल्या कारागिरीबद्दल शंका यायला ते वय बरं नव्हतं, पण आली.

दोन दिवसांनी मी चुडाव्याची गाडी धरली. सोबत बॅटरीवर चालणारं रेकॉर्डिंगचं यंत्र आणि एक स्पीकर. स्टेशनापासून चालत सरूबाईंच्या घरी गेलो. त्या आता थकल्या होत्या, पण ओळख लगेच पटली. पेटीजवळ बसलेली ती उंच बाई कोण, असं मी विचारलं.

"ती व्हय? ती गयाबाई," त्या म्हणाल्या. "तिला कानानं कमी येतं. पण ती आता मंडळात येत न्हाई."

"कधीपासून?"

"तुमच्याकडं येऊन गेलो तवापासून."

गयाबाईंचं घर रुळाच्या अंगाला होतं. त्या ओसरीवर सुपात तूर निवडत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, बाकी तशाच ताठ. मी नमस्कार करून म्हणालो, "मावशी, मी परभणीचा रेकॉर्डिंगवाला."

"काय?"

"रेकॉर्डिंगवाला!"

त्यांनी मला निरखलं. मग पुन्हा तूर निवडायला लागल्या. "मला न्हाई गायचं आता. जा तुमी."

मी गाडीत बसल्या बसल्या एक वाक्य तयार केलं होतं. हळू आवाजात, जवळ बसून सांगायचं असं. ते मी सांगितलं.

"काय?" गयाबाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोला."

मी जरा मोठ्यानं बोललो. त्यांनी कानाला हात लावला. शेवटी मी ओसरीसमोर उभा राहून, पोखर्णीच्या त्या शेतकऱ्यासारखा, बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मावशी, माझं चुकलं! त्या दिवशी मी तुमचा पाणउतारा केला! मला माफ करा!"

समोरच्या घराचं दार उघडलं. शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालणारी बाई थांबली. एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. गयाबाईंचा मुलगा माणिक गोठ्यातून धावत आला. त्याला वाटलं भांडण झालं.

"कशापायी माफी मागायलेत हे?" कुणीतरी विचारलं.

आता सगळ्या गल्लीला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. तेही ओरडूनच, कारण गयाबाईंना ऐकू जायला हवं होतं. बायका हसल्या होत्या हे सांगितलं, मी हसलो होतो हेही सांगितलं. अशी माफी माणसानं जन्मात एकदाच मागावी. पण मागितल्यावर घाम पुसताना इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

गयाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "मला वाटलं, मी बेसूर झाले," त्या म्हणाल्या. "इतके दिवस तेच वाटायलंय. कानाला कळत न्हाई ना. घरात बी म्हणलं न्हाई मग."

"बेसूर नव्हतात! लय चांगल्या गायलात! त्याच्यासाठी तर पोलंडहून पत्र आलंय!"

"कुठून?"

"लय लांबून!" माणिक ओरडला. त्यालाही पोलंड कुठं ते माहीत नव्हतं, पण अंदाज बरोबर होता.

मग मी हन्नाचं सगळं सांगितलं. गयाबाईंनी विचारलं, "ती वाजवती काय?" मी स्पीकर काढला, हन्नाचं संगीत लावलं. आवाज पूर्ण वाढवला तरी त्या मान हलवत होत्या. काही पोचत नव्हतं. माणिकनं धान्याची रिकामी लाकडी पेटी ओढून आणली आणि स्पीकर तिच्यावर ठेवला. पेटी घुमायला लागली. गयाबाईंनी तिच्यावर तळहात टेकला. मग दुसरा हात. पियानोचे खालचे जड स्वर एकेक करून पडत होते, आणि प्रत्येक स्वराबरोबर त्यांची मान थोडी हलत होती. मधल्या जोराच्या भागात त्या हसल्या. संपेपर्यंत हात काढला नाही.

"जात्यावानी घुमायलंय," त्या म्हणाल्या. "दळायला बसलं की अशीच खुंटी हातात थरथरती." मग म्हणाल्या, "तिला ती एकच ओळ पायजे?"

"हो. ती शेवटची."

"अर्धी तुटलेली ओळ कशाला न्यायची इतक्या लांब? पुरं गाणं देते मी. माजंच हाय ते. मीच जोडलं होतं."

हे मला नवीन होतं. गाणं मंडळातल्या कुणीतरी रचलंय एवढंच मी ऐकलं होतं, आणि कुणी ते विचारायची मला कधी गरज वाटली नव्हती. तेवढ्यात सरूबाई येऊन पोचल्या. माझी आरोळी त्यांच्या घरापर्यंत गेली होती. त्यांच्यामागं मंडळातल्या आणखी तिघी.

"आमी बी म्हणू का संगं?" सरूबाईंनी गयाबाईंच्या कानाशी विचारलं.

"तुमी नुसत्या बसा," गयाबाई म्हणाल्या. "मधीच थांबताव तुमी."

अख्खी गल्ली हसली, सरूबाई सगळ्यांत जास्त. त्या गयाबाईंजवळ चिकटून बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी यंत्र मांडलं. गाद्या नाहीत, गोधड्या नाहीत, काच नाही. शेळी ओरडत होती, तिला पाला टाकून गप्प केलं. गयाबाई डोळे मिटून गायला लागल्या. सावकाश, खालच्या पट्टीत. चार कडवी होती. झाडलोट झाली, सडा पडला, चूल पेटली, आणि आता कुणाची वाट बघायची नाही, नुसतं दार उघडं ठेवायचं. तिसऱ्या कडव्याला मालगाडी आली. मी सवयीनं हात वर केला, थांबा म्हणून. पण त्यांचे डोळे मिटलेले. गाडी त्यांना ऐकू येत नव्हती. ओसरीची जमीन हलत होती ती मात्र कळत होती, कारण त्यांनी आवाज चढवला. डबे संपता संपेनात. त्या गात होत्या, गाडी जात होती, आणि मी वर केलेला हात हळूच खाली घेतला. शेवटची ओळ त्यांनी किती वेळा म्हटली ते मी मोजलं नाही. त्या आपल्या मनानं थांबल्या. मग शेळी ओरडली.

सगळं जसंच्या तसं हन्नाला पाठवलं. रेखानं लिहिलं, मालगाडीबद्दल माफ करा, पुन्हा भरता येईल. हन्नाचं एका ओळीचं उत्तर आलं, गाडीला हात लावू नका.

दोन-अडीच महिन्यांनी तिचं काम पूर्ण झालं. सोबत तिचा निरोप होता: हे मी अजून कुठंही ठेवलेलं नाही. आधी त्यांना ऐकवा. आवडलं नाही तर मी ते पुसून टाकीन. आवडलं तर एका कागदावर परवानगी आणि त्यांचं नाव लिहून पाठवा, नाव त्यांना हवं तसं.

या वेळी रेखाही माझ्याबरोबर आली. दुपारची वेळ. मंडळाच्या सगळ्या बायका ओसरीवर जमल्या होत्या. माणिकनं पेटी आधीच मांडून ठेवली होती आणि शेळी लांब नेऊन बांधली होती. मला घरून निघाल्यापासून धाकधूक होती. परक्या बाईनं आपल्या गाण्याचं काय केलंय म्हणून गयाबाई बिथरल्या तर? हात काढून घेतला तर? ती फाइल पुसली जाणार होती आणि हन्नानं शब्द पाळला असता.

मी लावलं. सुरुवातीला नुसता पियानो, चारच स्वर. मग गयाबाईंचा आवाज आला आणि पियानो मागं सरला, दारात कुणी आलं की आपण वाट देतो तसा. दुसऱ्या कडव्यात गिटार आली. तिसऱ्यात आमची चुडाव्याची मालगाडी आली आणि हन्नानं काय केलं होतं, डब्यांच्या खडखडाटावरच ढोलाचा ठेका बांधला होता. गाडी आणि ढोल, पियानो आणि गिटार, सगळं मिळून चढत गेलं आणि सगळ्यांच्या वर गयाबाई. सरूबाईंनी टाळ्यांनी ठेका धरला. एकेक करून सगळ्यांनी धरला. जे संगीत समजायला मला दोनदा ऐकावं लागलं, त्याच्यात या बायका पहिल्या फटक्यात शिरल्या.

गयाबाई दोन्ही हात पेटीवर ठेवून बसल्या होत्या. संपल्यावरही थोडा वेळ तशाच. मग सरूबाईंना म्हणाल्या, "मी वर ऱ्हायले का गं? का गाडीखाली गेले?"

"वर! लय वर!" सरूबाई ओरडल्या.

"मग असू दे," गयाबाई म्हणाल्या. "कळवा तिला."

रेखानं कागद काढला. परवानगीचा मजकूर मराठीत लिहिला, मोठ्यानं वाचून दाखवला. खाली नाव घालायचं होतं. मला त्या क्षणी आठवलं, त्या मंडळाच्या सीडीच्या कव्हरवर मी 'सरूबाई आणि सहकारी' एवढंच छापलं होतं. अशा किती कॅसेटी, किती सीड्या काढल्या, किती 'आणि सहकारी' छापले, आणि त्यांतल्या कुणाचंही नाव विचारलं नाही. कापाकापीचं मला वाईट वाटतं, पण याचं जास्त वाटतं.

"नाव काय लिहू, मावशी?" रेखानं विचारलं.

"लिवा की मॅडम, गयाबाई," माणिक म्हणाला आणि पुढं वडलांचं नाव, आडनाव सांगायला लागला.

"न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "यमुना लिवा."

माणिक गोंधळला. "माय, यमुना कोण?"

"मीच की. माज्या माय-बापानं ठेवलेलं. लग्नात तुज्या बापानं ताटातल्या तांदळात अंगठीनं गया लिवलं, तवापासून गया. बापाची काय तक्रार न्हाई बाबा, चांगला होता माणूस. पण गाणं म्हणायला शिकले ती यमुना होती."

रेखानं कागदावर यमुना लिहिलं. खाली सही हवी होती. गयाबाईंना सही येत होती, पण गया एवढीच. साक्षरतेच्या वर्गात तीच शिकवली होती. रेखानं पाकिटाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'यमुना' काढून दिलं. तिच्यातली मास्तरीण जागी झाली होती. गयाबाईंनी मांडीवर पाट घेतला आणि बघून बघून गिरवलं. तीन अक्षरं, पण त्यांना चांगला वेळ लागला. मंडळाच्या बायका वाकून बघत होत्या. 'ना'चा काना जरा तिरका गेला. रेखा म्हणाली, असू दे, छान आलंय.

माणिकनं कागद हातात घेतला. आपल्या आईचं नाव तो पन्नाशीत पहिल्यांदा वाचत होता. दोनदा वाचलं. मग तिच्याजवळ जाऊन, कानापाशी वाकून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं हाक मारली,

"यमुनाबाई!"

"ओ!" ती म्हणाली.